तारीख नाही, निकालही नाही: अंतिम न्यायाची वाट पाहणारी ख्रिस्ती उपासना

१) नोव्हेंबर २०२२ मध्ये केरळमधील एर्नाकुलम येथील सेंट मेरीज कॅथेड्रल बॅसिलिका बंद करावे लागले. वादाचा विषय बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटावा असा होता. मिस्सा अर्पण करताना धर्मगुरूने तोंड कोणाकडे करावे, लोकांकडे की वेदीकडे?

२) सिरो-मलबार चर्चच्या सिनडने ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वांसाठी एकच पद्धत ठरवली होती. वचनविधी लोकांकडे तोंड करून आणि मुख्य अर्पणविधी वेदीकडे तोंड करून. एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांतातून तिला तीव्र विरोध झाला. यात कोण बरोबर, हा या धाग्याचा विषय नाही. पण दिशेचा प्रश्न मुळात येतो कोठून, हे शोधू लागल्यास सुमारे १,८०० वर्षे मागे जावे लागते आणि शोध जगाच्या अंतापाशी जाऊन पोहोचतो.

३) ख्रिस्ती धर्मातील अंतिम न्यायाचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक ठरलेले विधान येते. ‘नरकाची भीती घालून चर्चने युरोपला शतकानुशतके मुठीत ठेवले.’ या विधानात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. ते प्रामुख्याने चित्रे आणि प्रवचने पाहून केले जाते. लोक ज्या उपासनेत दर रविवारी उभे राहत, तिचा क्रम मात्र क्वचितच कोणी वाचतो.

४) तो क्रम वाचला तर वेगळे चित्र दिसते. अंतिम न्यायाविषयीच्या दोन गोष्टी उपासनेने आपल्या मूळ घडणीत माणसाच्या हाती दिलेल्या नाहीत: त्या दिवसाची तारीख आणि त्या न्यायाचा निकाल. उपासक फक्त वाट पाहतो. इतिहासात जेव्हा कोणी तारीख किंवा निकाल आपल्या हाती असल्याचे सांगितले, तेव्हाच या श्रद्धेने सर्वाधिक नुकसान केले. या धाग्याचे म्हणणे एवढेच आहे. आता पुरावे पाहू.

५) पहिला पुरावा एका शब्दाचा. इ. स. ५४ च्या सुमारास प्रेषित पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला ग्रीक भाषेत पत्र लिहिले. पत्राच्या अखेरीस एक शब्द मात्र ग्रीक नाही: ‘मारानाथा’. हा शब्द अरामी, म्हणजे येशू आणि त्याचे पहिले शिष्य बोलत त्या भाषेतला. पौल त्याचे भाषांतर करत नाही. करिंथच्या ग्रीकभाषक लोकांना तो ठाऊक असणार, हे त्याने गृहीत धरले आहे.

६) भाषांतराविना टिकलेला असा शब्द बहुधा उपासनेतून आलेला असतो. हिब्रूतला ‘आमेन’ असाच टिकला. ‘मारानाथा’ दोन प्रकारे तोडता येतो. ‘मारान अथा’ म्हणजे आमचा प्रभू आला आहे. ‘माराना था’ म्हणजे हे आमच्या प्रभो, ये. बहुतेक अभ्यासक दुसरा अर्थ स्वीकारतात. नव्या कराराचे शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, हेही याच हाकेने संपत येते. ख्रिस्ती उपासनेतील सर्वांत जुन्या शब्दांपैकी एक असा आहे, आणि त्यात भीतीचा लवलेश नाही.

७) दुसरा पुरावा ‘डिडाखे’ या छोट्या ग्रंथाचा. नाव सर्वांना ठाऊक, पण ग्रंथ हरवलेला, अशी त्याची स्थिती होती. १८७३ मध्ये फिलोथेओस ब्रिएनिओस यांना त्याचे हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले आणि १८८३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. ग्रंथ पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या प्रारंभीचा मानला जातो. त्यात भोजनाच्या वेळच्या प्रार्थना आहेत. डोंगरांवर विखुरलेले धान्य एकत्र येऊन जशी एक भाकर झाली, तशी मंडळीही पृथ्वीच्या टोकांपासून एकत्र यावी, अशी तिथे याचना आहे. जेवणानंतरच्या प्रार्थनेचा शेवट पुन्हा ‘मारानाथा’ने होतो.

८) म्हणजे जगाच्या अंताचा विचार जेवणाच्या पंगतीत होत होता. पौलही त्याच पत्रात सांगतो की हे भोजन प्रभूच्या मृत्यूची घोषणा आहे आणि तो येईपर्यंत ती करायची आहे. ‘येईपर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा. भाकर आणि द्राक्षारसाचा विधी मागे पाहतो, तसाच पुढेही पाहतो.

९) या वाट पाहण्याला राजकीय धार होती. ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी ग्रीकमध्ये ‘पारूसिया’ आणि लॅटिनमध्ये ‘अद्वेन्तुस’ हे शब्द रूढ झाले. दोन्ही शब्द राजाच्या किंवा सम्राटाच्या नगरप्रवेशासाठी वापरात होते. सम्राट येणार म्हटले की नगरजन वेशीबाहेर जाऊन त्याचे स्वागत करत. रोमच्या साम्राज्यात राहून ‘आमचा प्रभू येवो’ म्हणणे म्हणजे सध्याचा स्वामी शेवटचा नाही, असे म्हणणे होते. नाताळापूर्वीच्या ‘आगमन काळा’चे लॅटिन नाव हेच. त्याच्या पहिल्या रविवारी आजही गव्हाणीतले बाळ नव्हे, तर जगाच्या अंताचे शुभवर्तमान वाचले जाते.

१०) आता दिशेकडे येऊ. सुमारे इ. स. ११२ मध्ये बिथिनियाचा अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजनला कळवले की ख्रिस्ती लोक ठरावीक दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात. इ. स. २०० च्या आसपास टर्टुलियनला खुलासा करावा लागला की ख्रिस्ती लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करत असले तरी ते सूर्यपूजक नाहीत. याचा अर्थ, पूर्वेकडे वळण्याची रीत तोवर शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरण्याइतकी रुळली होती.

११) पूर्वच का? मत्तयाच्या शुभवर्तमानात मनुष्याच्या पुत्राच्या येण्याला पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत चमकणाऱ्या विजेची उपमा आहे. ख्रिस्त पूर्वेकडून परतेल, ही समजूत तिच्यातून दृढ झाली. आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने पूर्वाभिमुख प्रार्थनेची कारणे नोंदवली, त्यांत हे एक आहे. एदेन बाग पूर्वेला होती, हे दुसरे. गमावलेले नंदनवन आणि येणारा न्यायाधीश, दोन्ही एकाच दिशेला.

१२) इमारतींचा नियम मात्र सरसकट नव्हता. रोमच्या जुन्या सेंट पीटर बॅसिलिकाचे प्रवेशद्वार पूर्वेला होते आणि गर्भागार पश्चिमेला. तरी पूर्वेचा संकेत टिकला, तो अगदी थडग्यांपर्यंत. पश्चिम युरोपात मृताचे डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवून दफन करण्याची रीत दीर्घकाळ चालली. उठून बसताच तोंड येणाऱ्याकडे असावे, असा तिचा अर्थ लावला जाई. केरळमधील सिरियाक परंपरेचे ख्रिस्ती याच पूर्वाभिमुख वारशाचे धनी आहेत. एर्नाकुलमच्या वादाचे एक टोक येथे आहे.

१३) पुढचा पुरावा या सगळ्यात अधिक विलक्षण आहे. जॉन क्रिसोस्टमच्या नावाने ओळखली जाणारी उपासना ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही चालते. तिच्या मध्यवर्ती प्रार्थनेत ख्रिस्ताच्या कार्याचे स्मरण आहे: क्रूस, कबर, तिसऱ्या दिवशीचे पुनरुत्थान, स्वर्गारोहण आणि त्यानंतर त्याचे दुसरे गौरवी आगमन. जे अद्याप घडलेले नाही, त्याचेही स्मरणच. उपासनेच्या व्याकरणात भविष्यकाळ भूतकाळासारखा वापरला आहे.

१४) प्रकटीकरणातला स्वर्गही असाच आहे. तिथे सिंहासन, २४ वडील, दीप, धूप आणि ‘पवित्र’ या शब्दाचा त्रिवार घोष आहे. म्हणजे स्वर्ग हीच एक अखंड उपासना. पृथ्वीवरील उपासनेत हाच त्रिवार घोष देवदूतांच्या सोबतीने केला जातो, असे मानतात. त्यामुळे चर्चमध्ये उभा असलेला शेतकरी स्वर्गाविषयी केवळ ऐकत नव्हता. काही क्षण तो स्वर्गात उभा आहे, असे उपासना त्याला सांगत होती.

१५) मग भीती आली कोठून? रोमच्या भुयारी दफनभूमींतील आरंभीच्या ख्रिस्ती चित्रांत मेंढपाळ आहे, माशाच्या पोटातून सुटलेला योना आहे, हात पसरून प्रार्थना करणारी माणसे आहेत. जळणारा नरक नाही. सहाव्या शतकाच्या आरंभी राव्हेन्ना येथील सांत आपोलिनारे नुओव्हो चर्चमधील मोझेकमध्ये ख्रिस्त मेंढरे आणि शेरडे वेगळी करताना दिसतो. एका बाजूला लाल देवदूत, दुसऱ्या बाजूला निळा. ज्वाळा तिथेही नाहीत.

१६) १२ व्या शतकात फ्रान्समध्ये दृश्य बदलते. कोंक आणि ओतां येथील चर्चच्या प्रवेशद्वारांवर अंतिम न्यायाची शिल्पे उभी राहिली. ओतां येथे आत्मे तराजूत तोलले जातात, एका पाप्याचे डोके दोन प्रचंड हात पकडतात आणि खालचा लेख पाहणाऱ्याला घाबरण्याचाच सल्ला देतो. भीती हे साधन होते, हे येथे दगडावर कोरलेले आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

१७) पण त्या नरकात कोण आहे, तेही पाहावे. कोंकच्या नरकात मुकुटधारी राजा आहे, गळ्यात थैली बांधलेला कंजूष आहे आणि जाळ्यात सापडलेला धर्माधिकारीही आहे. पाडुआ येथील १३०५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या प्रार्थनागृहात ज्योत्तोने अंतिम न्याय रंगवला. ते बांधणारा एन्रिको स्क्रोव्हेन्यी हा ज्या सावकाराचा मुलगा, त्याला दान्तेने नरकात बसवले. पोपही त्या नरकातून सुटले नाहीत. ज्या काळात राजावर खटला भरणारे न्यायालय पृथ्वीवर नव्हते, त्या काळात हे एकच न्यायालय असे होते की जिथे राजा आरोपी म्हणून उभा राही.

१८) आता संगीताकडे. ‘दिएस इरे’, म्हणजे क्रोधाचा दिवस, हे १३ व्या शतकातले लॅटिन गीत भीतीचे प्रतीक मानले जाते. मोझार्ट (१७९१) आणि व्हेर्दी (१८७४) यांच्या संगीतामुळे ते उपासनेबाहेरही पोहोचले. आरंभी कर्णा, उघडणारी थडगी आणि लेखांचा ग्रंथ आहे खरा. पण अर्ध्या वाटेवर गीताचा स्वर बदलतो आणि ते न्यायाधीशालाच विनवू लागते: माझ्यासाठीच तू आलास, हे विसरू नकोस. मैफलीत लक्षात राहतो तो पहिला गडगडाट.

१९) शिवाय तोच अंत्यविधी ‘दिएस इरे’वर संपत नव्हता. मृतदेह कबरीकडे नेताना ‘इन पारादिसुम’ हे शांत गीत म्हटले जाई. देवदूतांनी या माणसाला नंदनवनात न्यावे, अशी त्यात इच्छा आहे. भय आधी, आशा नंतर, आणि दोन्हींत निर्णय कोणीही जाहीर करत नाही. फक्त मागणे आहे. या क्रमातले एकच गीत उचलून ‘मध्ययुगीन माणूस भीतीने गोठलेला होता’ असे लिहिणे हा स्रोताचा अर्धा वापर झाला.

२०) आता पहिला अनर्थ: निकाल हाती घेणे. जाक ल गॉफ यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवले की शुद्धिस्थान ही स्वतंत्र जागा म्हणून १२ व्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावली. मृतांसाठी प्रार्थना त्याआधीही होत्या. पण १४७६ मध्ये पोप सिक्स्टस चौथे यांनी पापदंडमाफीचा लाभ शुद्धिस्थानातील आत्म्यांनाही लागू केला, आणि पुढे पैसे आणि माफी यांची सांगड उघड झाली. ज्या न्यायासाठी फक्त याचना करायची, त्याची पावती मिळू लागली.

२१) मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ प्रबंधांचा रोख या पावतीवर होता. अंतिम न्यायावरचा त्याचा विश्वास ढळलेला नव्हता. उलट, न्याय देवाचा असेल तर तो विकणारे तुम्ही कोण, हा त्याचा प्रश्न होता. १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशांशी जोडलेल्या माफ्या रद्द केल्या. चर्चवरील मुठीचा आरोप सर्वांत अचूक बसतो तो येथे. श्रद्धेचा व्यापार झाला, कारण वाट पाहणे संपले होते.

२२) दुसरा अनर्थ: तारीख हाती घेणे. १५३४ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर शहर अनाबाप्टिस्टांच्या ताब्यात गेले. त्यांचा नेता यान माथिस याने त्या वर्षीच्या ईस्टरला जगाचा न्याय होईल, असे सांगितले. ईस्टरच्या दिवशी तोच वेढा घालणाऱ्यांवर चालून गेला आणि मारला गेला. त्याचा वारस लायडनचा यान याने स्वतःला राजा घोषित केले. जून १५३५ मध्ये शहर पडले. पुढे देहदंड दिलेल्या तिघांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ते सेंट लँबर्ट चर्चच्या मनोऱ्यावर आजही आहेत.

२३) अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. तो दिवस सरला आणि काहीच घडले नाही. इतिहासात त्याला ‘महानिराशा’ म्हणतात. त्या निराशेतून सावरलेल्या एका गटातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची स्थापना झाली. पुण्यातील औंधचे स्पायसर विद्यापीठ याच परंपरेचे. या चर्चने पुनरागमनाची आशा सोडली नाही, पण त्यासाठी नवी तारीख जाहीर करणे टाळले.

२४) येथे एक आक्षेप रास्त आहे. स्वर्गाची वाट पाहणारा माणूस पृथ्वीवरचा अन्याय निमूट सोसणार नाही का? मार्क्सने धर्माला अफू म्हटले ते १८४३-४४ मध्ये, आणि अमेरिकेतील अनेक गुलाममालकांना उपासनेचा हाच उपयोग हवा होता. हे पुरावे नजरेआड करणारा इतिहास भक्तिसाहित्य ठरेल.

२५) पण त्याच मळ्यांवर गुलाम काय गात होते? फ्रेडरिक डग्लस यांनी १८५५ च्या आत्मचरित्रात नोंदवले की त्यांच्या गाण्यांतला ‘कनान’ म्हणजे स्वर्ग होता, तसाच गुलामगिरी नसलेला उत्तरेकडचा प्रदेशही होता. मालकाला परलोक ऐकू येई, गाणाऱ्याला पळून जाण्याची वाट. मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाधीश भुकेल्याला अन्न दिलेस का, तुरुंगातल्याला भेटलास का, असे विचारतो. हा प्रश्न ऐकून मालकाने घाबरावे, असेच त्या भीतीचे स्थान होते.

२६) मराठी वाचकाचा या इतिहासाशी थेट धागा आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचे हे काव्य गोव्याच्या चर्चमध्ये वाचले जाई. स्वर्गासाठी स्टीफन्स यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय बसत होते. एकाच भूमीत एका हाताने वैकुंठाचे आमंत्रण आणि दुसऱ्या हाताने श्रद्धेचा निकाल. या धाग्याचे सारे म्हणणे या एका उदाहरणात सामावते.

२७) १९६२-६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासना लोकभाषांत आली, वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होऊ लागली. अंत्यविधीतून ‘दिएस इरे’ वगळण्यात आले. भाकर आणि द्राक्षारसाच्या समर्पणानंतर लोकांनी करायची घोषणा नव्याने आली. तिच्या प्रचलित रूपात ख्रिस्ताचा मृत्यू, पुनरुत्थान आणि त्याचे पुन्हा येणे, तिन्ही आहेत. ‘मारानाथा’ १,९०० वर्षांनी मराठीत परतला, असे म्हणायला हरकत नाही.

२८) भीती झाकण्याचा प्रयत्न त्याआधीही झाला होता. १७६६ मध्ये ओतांच्या धर्मगुरूंनी आपल्या दारावरचे न्यायाचे शिल्प गिलावा मारून बुजवले. ते त्यांना ओबडधोबड वाटत होते. १८३७ मध्ये तो गिलावा काढला गेला. मधल्या काळात फ्रेंच राज्यक्रांतीत अनेक चर्चची शिल्पे फोडली गेली, हे मात्र गिलाव्यामुळे वाचले. केवळ भीती पाहणारा इतिहासकार शिल्पापुढची उपासना बुजवतो. केवळ आशा पाहणारा शिल्पच बुजवतो.

२९) म्हणून एखाद्या जुन्या चर्चमध्ये गेल्यास आधी चित्राकडे नव्हे, दिशेकडे पाहावे. वेदी कोणीकडे आहे, दार कोणीकडे, थडग्यांचे पाय कोणीकडे. एर्नाकुलमच्या वादातले दोन्ही पक्ष तोंड कोठे करावे यावर भांडत असले, तरी कोणाची वाट पाहायची याबद्दल त्यांच्यात मतभेद नाही. तारीख कोणाकडेच नाही. निकालही कोणाकडे नाही. धागा समाप्त.